जोडशेपटीचं विमान आणि सांब्र्याची धावपट्टी

काळीमाती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडतोय.

आमची आत्ती आता पंच्याहत्तरी ओलांडून गेली. बेळगावजवळच्या सांब्र्याच्या पूर्वेला आमची थोडी जमीन आहे, तिचं सगळं लहानपण तिथल्या बांधावर गेलं. तिची एक आठवण ठरलेली आहे. गोवा पोर्तुगीजांकडून सोडवला त्या वेळी, म्हणजे डिसेंबर १९६१ मध्ये, शेतावरून जोडशेपटीचं विमान जायचं. "पुढं एक तोंड आणि मागं दोन शेपट्या," असं दोन बोटं सरळ धरून ती दाखवते. आमच्या घरात हे कुणी कधी मनावर घेतलं नाही. लहान पोरीनं काहीतरी बघितलं असणार आणि डोक्यात तसं बसलं असणार, एवढ्यावर विषय संपायचा. मागच्या आठवड्यात तिनं ते पुन्हा सांगितलं तेव्हा वाटलं, आता नीट शोध घ्यायचा. जोडशेपटीचं विमान असतं का? आणि असलं तर त्या वेळी आमच्या शेतावर ते कशाला आलं असेल?

त्यानिमित्तानं सांब्र्याबद्दलच लिहितो. बेळगावच्या माणसाला सांब्रा म्हणजे मुंबई-हैदराबादचं विमान पकडायची जागा. नवं टर्मिनल २०१७ मध्ये झालं, धावपट्टी वाढवून २३०० मीटर केली, पार्किंगला जागा झाली. पण हा तळ १९४२ चा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं प्रशिक्षणासाठी तो बांधला. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, म्हैसूर राज्यात आलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या विमानविद्येचा इतिहास सांगताना बेंगळूरू, बीदर, यलहंका ही नावं येतात, पण आमच्या उंबऱ्यावरच्या या तळाचं नाव शेवटी कुठंतरी एका ओळीत येतं. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

सीमाप्रश्नावरचा वाद इथं नको, त्याला दुसरे धागे आहेत. मला जमिनीबद्दल बोलायचंय. ब्रिटिशांनी छावणी इथंच का घातली, विमानतळ इथंच का केला, १९६१ मध्ये फौजा इथंच का जमल्या? मला वाटतं तिन्हीचं उत्तर एकच आहे आणि ते आपल्या पायाखाली आहे. बेळगाव पठाराच्या काठावर बसलंय. पश्चिमेला थोडं गेलं की सह्याद्री तुटतो आणि खाली कोकण-गोवा. पूर्वेला सपाटी. ज्याला खाली नजर ठेवायची आणि वर निवांत राहायचं, त्याला याच्याइतकी चांगली जागा नाही.

लहानपणापासून ऐकत आलोय की गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर बॉम्ब टाकणारी विमानं सांब्र्यावरूनच उठली होती. हे खरं का? जाणकारांनी सांगावं.

कणकुंबी_पाऊस

फार चांगला विषय काढलात. मी खानापूर तालुक्यातली, त्यामुळे जमिनीचं मला बोलू द्या.

कर्नाटकात भूगोल शिकवताना तीन पट्टे सांगतात: करावळी म्हणजे किनारा, मलनाड म्हणजे डोंगराळ पावसाचा भाग आणि बयलुसीमे म्हणजे उघडं पठार. आपल्या जिल्ह्याला किनारा तेवढा नाही, बाकी दोन्ही आहेत. तेसुद्धा इतके जवळ की सकाळी कणकुंबीत इरलं घेऊन निघालेला माणूस दुपारी सौंदत्तीत सावली शोधतो. १३,४१५ चौरस किलोमीटरचा जिल्हा आहे आपला, राज्यात सगळ्यांत मोठा. अथणी-रायबागकडं पावसाची वाट बघत बसायचं आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत म्हणून चुलीवर दोरी बांधायची.

आमच्या तालुक्याची एक गोष्ट मला फार आवडते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडं जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला उतरून गोव्याची मांडवी होते. एकाच सरीतलं पाणी, थेंब डोंगराच्या कुठल्या अंगाला पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो. तो काठ आमच्या गावावरून जातो.

दुसरं म्हणजे दगड. दख्खनचा काळा पाषाण बेळगावच्या आसपास संपत येतो, त्याच्या खाली-पलीकडं जुने खडक सुरू होतात. वरून पश्चिमेला सगळीकडं जांभ्याची टोपी आहे. भरपूर पाऊस आणि भरपूर ऊन मिळालं की खडकातलं विरघळणारं सगळं वाहून जातं, मागं लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगं उरतात. लोह जास्त राहिलं तर जांभा, अॅल्युमिनियम जास्त राहिलं तर बॉक्साइट. बेळगावात अॅल्युमिनियमचा कारखाना आला तो या मातीच्या जोरावर. पूर्वेकडं सरकलं की जांभा विरळ होतो, काळी माती लागते आणि जमीन सपाट होत जाते. सांब्रा तिथं आहे. पश्चिमेला जांबोटीच्या बाजूला धावपट्टी करायची म्हटली असती तर डोंगर, झाडी आणि ढग यांच्याशीच सामना झाला असता. पावसाळ्यात आमच्याकडं ढग अंगणात उतरतात.

कॅम्पातला

छावणीबद्दल मी लिहितो. तीन पिढ्या कॅम्पात गेल्या आमच्या.

किल्ल्यापासून सुरुवात करू. १८१८ मध्ये पेशवाई बुडत असताना थॉमस मन्रोनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला. २० मार्चला वेढा पडला आणि १० एप्रिलला किल्ला पडला. म्हणजे आत असलेल्या शिबंदीनं तीन आठवडे तग धरला. किल्ल्याभोवतीचा खंदक बघितलाय का कधी उतरून? तो बांधलेला नाही, मऊ तांबड्या दगडात खोदून काढलेला आहे. कणकुंबीबाईंनी सांगितलेला तोच दगड. हवा लागेपर्यंत कुदळीनं कापता येतो आणि उघडा पडला की कठीण होतो. आत कमल बस्ती आहे, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. तिच्या छताचं ते दगडी कमळ बघायला लोक लांबून येतात आणि आपल्यातले कितीतरी जण आयुष्यात एकदाही आत गेलेले नसतात.

किल्ला हाती आल्यावर ब्रिटिशांनी पश्चिमेला कॅम्प वसवला. १८३६ मध्ये धारवाडपासून बेळगाव जिल्हा वेगळा झाला. त्यांचा हिशोब सरळ होता. गोवा पोर्तुगीजांचा, कोल्हापूर-सावंतवाडीकडं अधूनमधून उठाव, आणि कित्तूरनं १८२४ मध्ये चांगलाच हिसका दाखवलेला. कित्तूरच्या पहिल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. राणी चन्नम्मांना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, तिथंच १८२९ मध्ये त्या गेल्या. संगोळ्ळी रायण्णांना नंदगडला फाशी दिली १८३१ मध्ये. नंदगड म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातलंच. आजही तिथं वडाच्या झाडापाशी लोक नवस बोलतात.

मग फौजेला माल कुठून? वेंगुर्ल्याच्या बंदरातून घाट चढून. पुढं रेल्वे आली, १८८८ मध्ये मुरगावची लाइन कॅसलरॉकला भिडली आणि लोंढ्यामार्गे बेळगाव समुद्राला जोडलं गेलं. कॅसलरॉक म्हणजे तेव्हाची देशाची सरहद्द. तिथं जकात तपासत.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आलं १९२२ मध्ये. एकशे दोन वर्षांहून जास्त झाली. सकाळी सहाला कॅम्पातून फिरायला गेलं की रंगरुटांचा दौड करतानाचा आवाज येतो. माझ्या आजोबांनी तो ऐकला, मी ऐकतो, आता माझा मुलगा ऐकतो. सेंट मेरीज चर्च, मंगळूरी कौलांचे बंगले, रेनट्रीची झाडं हे सगळं गोऱ्यांनी त्यांच्यासाठी केलं हे खरं. पण त्या बंगल्यांचा दगड इथला आणि घडवणारे हात इथले. म्हणून त्याला नुसता 'इंग्रजांचा वारसा' म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आणि राजकारण म्हणाल तर टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेही इथं टिळकवाडीत, डिसेंबर १९२४ मध्ये. छावणीच्या गावात हे घडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

निवृत्त_फिटर

मी निपाणीचा. हवाई दलात विमानांच्या देखभालीत आयुष्य घालवलं. काळीमाती, तुमच्या आत्तींचं बोलणं घरच्यांनी हसण्यावारी नेऊ नये म्हणून मुद्दाम लॉगिन केलं.

जोडशेपटीचं विमान होतं. एक नाही, दोन प्रकारची होती आपल्या हवाई दलात.

पहिलं व्हॅम्पायर. ब्रिटिश बनावटीचं छोटं लढाऊ जेट. पुढं अंड्यासारखा भाग, त्यात वैमानिक आणि इंजिन, आणि पंखांतून मागं दोन दांडे जाऊन त्यांवर शेपटी. तो पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा असे. जेट विमान आणि लाकडाचं, असं सांगितलं की नव्या पोरांना खरं वाटत नाही. बेंगळूरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये परवान्यावर ती बनवली जात. दुसरं पॅकेट. अमेरिकन मालवाहू विमान, चांगलं थोराड, दोन मोठी इंजिनं, पुढं पंखे, आणि तेही दोन दांड्यांचं. माणसं आणि सामान टाकायला.

आता आत्तींना एवढंच विचारा: पंखे फिरत होते का? विमान लहान होतं का मोठं? आवाज कसा होता?

बाकी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दाबोळीवर बॉम्बफेक करणारी कॅनबेरा विमानं पुण्याहून उठली, सांब्र्याहून नाही. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे बॉम्ब टाकले. हुकूम होता की धावपट्टी तोडायची, इमारतींना धक्का लावायचा नाही. नंतर आणखी ८ कॅनबेरा गेल्या. ६ हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. या मोहिमेसाठी हवाई दलाचे तळ दोन होते, पुणे आणि सांब्रा. सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडं.

दोनच तळ का, ते नकाशावर पट्टी ठेवून बघा. सांब्रा ते दाबोळी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. ताशी ८०० नं जाणाऱ्या जेटला साडेसात मिनिटं. पुण्याहून हेच अंतर साडेतीनशेच्या पुढं. बॉम्बर लांबून येऊ शकतो, त्याच्या पोटात इंधन भरपूर. पण जमिनीवरच्या सैनिकाला मदत हवी असते ती आत्ता हवी असते. त्यासाठी तळ जवळ लागतो.

हवाई लढाई मात्र झाली नाही. पोर्तुगीजांकडं गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हतं. व्हॅम्पायर होती ४५ स्क्वाड्रनची, भूदलाच्या मदतीसाठी. त्यातल्या दोघांनी चुकून आपल्याच २ शीख लाइट इन्फंट्रीवर रॉकेटं डागली आणि दोन जवान जखमी झाले. विजयाच्या गोष्टीत हेही सांगितलं पाहिजे, कारण त्या दोघांचंही रक्त होतं.

अथणी_एक्सप्रेस

एक शंका. बेळगाव उंचावर आहे, मग विमानांना चांगलंच की. आधीच वर आहेत, चढायला कमी.

निवृत्त_फिटर

उलटं आहे दादा. ही शंका आमच्या ट्रेनिंगमध्येही दरवेळी कुणीतरी काढायचा.

विमानाला उचलते ती हवा. वर गेलं की हवा विरळ. विरळ हवेत पंखाला तेवढीच उचल मिळायला जास्त वेग लागतो, इंजिनही जरा कमी जोर देतं. वेग जास्त म्हणजे धावपट्टी लांब. हिशोबाचा ठोकताळा असा: समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला धावपट्टी ७ टक्के वाढवायची. सांब्रा ७५८ मीटरवर. म्हणजे समुद्राकाठी १००० मीटर पुरत असतील तिथं इथं पावणेबाराशे. झालं एवढ्यावर? नाही. त्या उंचीला हवेचं प्रमाण तापमान १० अंश धरतात. त्यापुढं प्रत्येक अंशाला आणखी एक टक्का. एप्रिलच्या दुपारी ३६ अंश असेल तर आणखी २६ टक्के. गोळाबेरीज दीडपटीच्या जवळ जाते. म्हणून उन्हाळ्यात दुपारपेक्षा सकाळचं उड्डाण केव्हाही बरं.

वाऱ्याचंही बघा. सांब्र्याची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, ०८ आणि २६ असे तिचे आकडे. होकायंत्राचे अंश, शेवटचं शून्य काढलेलं. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा. विमान नेहमी वाऱ्याकडं तोंड करून उतरतं आणि उठतं. म्हणून पावसाळ्यात उतरणारं विमान पूर्वेकडून, काळीमातींच्या शेतावरूनच येत असणार.

काळीमाती

बरोबर आहे. जून लागला की आमच्या डोक्यावरून येतात. एवढी वर्षं बघतोय, पण का ते आज कळलं. फिटरसाहेब, मनापासून आभार. पहिल्या पोस्टमधलं दाबोळीबद्दलचं वाक्य चूक आहे हे मान्य. ते तसंच ठेवतो, म्हणजे तुमचा खुलासा वाचणाऱ्याला संदर्भ राहील. आत्ती लेकीकडं हुक्केरीला गेली आहे, रविवारी येईल. आल्या आल्या विचारतो.

साखळीचा

मी गोव्याचा, गेली तीस वर्षं टिळकवाडीत राहतो. खालची बाजू सांगतो.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी बांधला तोच मुळी भारतानं कोंडी केल्यावर, १९५५ मध्ये. रेल्वे बंद, रस्ते बंद, मग हवेतून माल आणायचा. १८ तारखेच्या बॉम्बफेकीनंतरही त्यांनी रात्रीतून धावपट्टीचा एक तुकडा बरा करून घेतला आणि उरलेली दोन प्रवासी विमानं उठवून कराचीला नेली. शत्रू असला तरी त्या वैमानिकांच्या हिंमतीला दाद द्यायला हवी.

पण मला सांगायचंय ते आवाजाबद्दल. नोव्हेंबर १९५५ पासून गोवेकरांसाठी एक गुप्त रेडिओ चालायचा. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी तो चालवला. यंत्रसामग्री आधी आंबोलीच्या रानात, मग कॅसलरॉकला. सहा वर्षं जंगलात, जळवा, साप, धो धो पाऊस, आणि रोज कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये प्रक्षेपण. घाटाच्या कडेवरून खाली गोव्यात लहरी सोडायच्या. ही जागा त्यांना मिळाली ती या कड्यामुळे. म्हणजे धागाकर्त्यांनी जे विमानतळाबद्दल म्हटलं तेच या रेडिओलाही लागू आहे.

१९ डिसेंबरला पोर्तुगीज शरण आल्यावर हीच दोघं हवाई दलाच्या विमानात बसली आणि ध्वनिक्षेपकावरून गोव्यावर घिरट्या घालत लोकांना सांगत होती की तुम्ही स्वतंत्र झालात. माझी आई तेव्हा साखळीत होती. ती म्हणायची, आभाळातून बाईचा आवाज आला आणि आम्ही सगळी परसात धावलो. शब्द नीट कळले नाहीत, पण शेजारच्या म्हाताऱ्यानं हात जोडले म्हणून आम्हीही जोडले. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत. बातमी वाचली तेव्हा आईचा फोटो खाली काढून पुसला मी.

कणकुंबी_पाऊस

साखळीचा, अंगावर काटा आला. आंबोली-कॅसलरॉकच्या पावसात सहा वर्षं यंत्रं कोरडी ठेवायची म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या माणसाला विचारा. आमच्याकडं काडेपेटी डब्यात तांदळात पुरून ठेवतात.

हसूरवाली

माहेर माझं गडहिंग्लजकडचं, सासर संकेश्वर. या धाग्यावर एक नाव यायलाच पाहिजे म्हणून लिहिते: डॉ. विष्णू माधव घाटगे.

गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरचंपू हे त्यांचं गाव. संकेश्वरहून गाडी काढली तर चहा थंड व्हायच्या आत पोचाल. जन्म १९०८ चा. या गावचा मुलगा जर्मनीत ग्योटिंगेनला गेला आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये पीएचडी करून आला. प्रांटल म्हणजे हवा पृष्ठभागाला चिकटून कशी वाहते, हे ज्यांनी जगाला पहिल्यांदा नीट समजावलं ते. त्यांच्याकडं शिकलेला माणूस आपल्या भागातला!

वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीनं बेंगळूरूला विमानाचा कारखाना काढला. महाराजांच्या सरकारनं ७०० एकर जागा दिली. लढाईचे दिवस, लवकरच सरकारनं तो ताब्यात घेतला आणि पुढं अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीच्या कामाला लावला. १९४२ मध्ये तिथल्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो घाटग्यांच्या देखरेखीखाली. मग ते कारखान्यात गेले आणि एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार केलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. आपल्या माणसांनी इथंच आखलेलं आणि इथंच बांधलेलं विमान. त्यानंतर किरण हे जेट. हवाई दलातल्या कितीतरी पिढ्या या विमानांवर उडायला शिकल्या.

हसूरचंपू महाराष्ट्रात, बेंगळूरू कर्नाटकात. माणसाला ती रेघ आडवी आली नाही. आज हत्तरगीजवळ हायवेला एकस कंपनीचं विमानाच्या सुट्या भागांचं मोठं संकुल उभं आहे, आमच्या गल्लीतली दोन पोरं तिथं सीएनसी यंत्रावर कामाला जातात. त्यांना मी घाटग्यांचं नाव सांगितलं तर त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. मैलांच्या हिशोबानं बघा किती जवळ आहे सगळं. संकेश्वरच्या एखाद्या शाळेत तरी त्यांचा फोटो लागावा, एवढी माझी मनापासून इच्छा आहे.

निवृत्त_फिटर

ताई, लाख बोललात. एचटी-२ चं इंजिन मी हातानं खोललंय. साधं आणि मजबूत. पोरांनी कसंही आपटावं आणि त्यानं परत उभं राहावं, असं विमान होतं.

कॅम्पातला

मराठा सेंटरचं आभाळाशी एक जवळचं नातं आहे, ते राहून गेलं. मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, २ पॅरा (मराठा). १९६१ मध्ये ५० पॅराशूट ब्रिगेडबरोबर हीच पलटण पूर्वेच्या बाजूनं फोंड्याकडं गेली, छत्र्या न वापरता, पायी आणि गाड्यांतून. दहा वर्षांनी ११ डिसेंबर १९७१ ला हीच पलटण बांगलादेशात टांगाइलला विमानांतून उतरली आणि पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. त्या विमानांत फिटरसाहेबांनी सांगितलेली पॅकेटही होती. पाच दिवसांनी ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या तुकड्यांत ते होते. ज्या पलटणीची मुळं बेळगावच्या मैदानात, तिनं हे केलं.

अथणी_एक्सप्रेस

आणि आज सांब्र्यावर हवाई दलाचं काय चालतं?

निवृत्त_फिटर

एअरमन ट्रेनिंग स्कूल. देशभरातली पोरं येतात, अग्निवीरवायूंचं पहिलं प्रशिक्षणही इथंच झालं, मग मुलींचीही तुकडी आली. सांब्र्याच्या स्टॉपवर केस बारीक कापलेली, ताठ उभी राहिलेली, घरी फोन लावून हळू आवाजात बोलणारी पोरं दिसली तर ओळखा. कुणी तेलुगूत बोलतं, कुणी भोजपुरीत. जवळ पाण्याची बाटली असेल तर द्या.

काळीमाती

आत्ती काल आली. जेवणानंतर अंगणात बसवून विचारलं. मी आधी काहीच सुचवलं नाही, नुसतं म्हटलं, आत्ती, ते विमान पुन्हा एकदा सांग.

तिचं बोलणं जसंच्या तसं देतो:

"ल्हान हुतं गा. तुझ्या मोटारीच्या तीन-चार पट असंल. पंखा न्हवता त्याला. पंख्याचं विमान घुंई घुंई करतंय, ते आमाला म्हाईत हुतं. ह्ये शीळ घालत जायचं. बारीक शीळ. आणि शीळ ऐकून मान वर करंपर्यंत ते तिकडं रामघाटाच्या अंगाला."

मग मोबाइलवर आधी पॅकेटचं चित्र दाखवलं. नाही म्हणाली, एवढं धुडं न्हवतं. मग व्हॅम्पायरचं दाखवलं. तिनं मोबाइल हातात घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्येच. खालनं असंच दिसायचं." चित्र वरून काढलेलं होतं तर तिनं मोबाइल उलटा धरून डोक्यावर नेला आणि खालून बघितला.

लाकडाचं होतं म्हणून सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "म्हणून हलकं वाटायचं." मी काही बोललो नाही.

निवृत्त_फिटर

व्हॅम्पायर. शंभर टक्के. ती शीळ त्याच्या इंजिनाचीच. ज्यानं ऐकली तो विसरत नाही. आत्तींना माझा नमस्कार सांगा.

कणकुंबी_पाऊस

त्या दिवसांत शेतात काय चाललं होतं, तेही विचाराल का? आमच्याकडं आजी सांगायची की अनमोडच्या रस्त्यानं रात्रंदिवस गाड्या जात होत्या आणि धुळीनं भाताच्या उडव्या लाल झाल्या होत्या.

काळीमाती

विचारलं. ज्वारी निसवायला आली होती म्हणाली. तिला आणि तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, माळ्यावर पाखरं राखायला बसवलं होतं, गोफण घेऊन. पण त्या तीन-चार दिवसांत पाखरं आलीच नाहीत. बैल मात्र औताला जुंपून घेईनात, शीळ ऐकली की दावं तोडायचे. आजोबांनी शेवटी बैल गोठ्यात बांधून दार लावून घेतलं आणि विहिरीवरचं मोटेचं काम दोन दिवस बंद ठेवलं. बैलाचं नाव पण सांगितलं तिनं, सर्ज्या.